दिआ म्हणजे कोण?

३ सप्टेंबर, मंगळवार

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "पाकचिक मझलान," मी आता सगळ्यांचाच काका, "रोज काय खाता ते यात लिहायचं. खरं लिहायचं." साखर वाढलीय म्हणे. तर लिहितो. सकाळी एक रोती चानाई, बिनसाखरेचा काळा चहा.

साफ खोटं. रोत्या तीन, आणि चहात घट्ट दूध. बाईंना दाखवायला दुसरी वही करीन. ही माझी.

आज लिहिण्यासारखं घडलं. मुलांना शाळेत सोडून व्हॅन पुसत होतो, तेवढ्यात यूस्नीताईचा फोन. रेडिओवरचा हिचा आवाज अख्खं इपोह ओळखतं. म्हणाली, "लान, ऐंशीच्या दशकातले सगळ्यात थोर रॉक अल्बम कोणते ते ठरवायचंय. दर शनिवारी दुपारी, थेट प्रसारण. वाद घालणारे तिघं. मी, कॅसेटवाला भाई आणि तू."

"मी कशाला?"

"भांडायला तुझ्याइतका लायक माणूस पेराक राज्यात नाही म्हणून."

हसली मेली. पण बोलावलं की नाही! जो अल्बम पहिला येईल तो ऑक्टोबरअखेर स्टेडियमवर वाजणार, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, आणि ज्या बँडचा असेल त्याच बँडने वाजवायचा. आमच्या 'लोम्बोंग' बँडचा एकच अल्बम, सन शहाऐंशी, 'कथलाची धूळ'. गिटार अर्थात मी. साठी आली. आयुष्य शाळेच्या पोरांची दप्तरं उचलण्यात गेलं. त्या स्टेजवर एकदा उभं राहायचंय मला, फक्त एकदा. या अल्लाह, एवढं कर, मग सांगशील तो पथ्याचा पाला खाईन.

गायला आमचा जुना गायक बद्रुल लागेल. लागू दे. येईल नाक घासत. आमचा बँड टाकून क्वालालंपूरला पळाला, 'तारिंग'मध्ये शिरला, 'काचेचा पाऊस' गायला आणि भिंतीभिंतीवरच्या पोस्टरवर चढला. पुढे टीव्हीवाल्यांनी लांब केसांच्या गायकांना बंदी घातली तर मुकाट्याने कापून आला. मी नाही कापले. आता कापायला काही उरलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

७ सप्टेंबर, शनिवार

पहिला वाद झाला. माझा घसा बसलाय.

भाई म्हणजे गुरमुख सिंग. त्याचं कॅसेटचं दुकान बंद होऊन जमाना झाला, पण ऐट अजून गल्ल्यावर बसल्याची. म्हणतो, "जो खपला तो थोर. मी विकलेत, मला विचारा."

मी म्हटलं, "साबणही खपतो भाई. त्याला स्टेडियममध्ये नेतो का आपण?"

यूस्नी मध्येच, गोड आवाजात, "बरं भाई, 'कथलाची धूळ' किती खपला होता हो?"

"माझ्या दुकानात? लानच्या आईने घेतला तो धरून, की सोडून?"

थेट प्रसारण! अख्ख्या गावाने ऐकलं. व्हॅनमध्ये बसल्यावर बघतो तर बेकरीतला पोऱ्यासुद्धा दात काढतोय. मी कुणाचं काय घोडं मारलंय?

आणि सगळ्यांनी आधीच धरून ठेवलंय की 'काचेचा पाऊस' पहिला येणार. यूस्नी तर असं बोलते, जणू निकाल तिच्या पर्समध्ये आहे.

खाल्लं काय ते लिहिण्याच्या लायकीचं नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

बायको, हालिजा, पुन्हा चेमोरला गेली. दर बुधवारी जाते. तांदळाची पेज शिजवते, अगदी मऊ, बाळाला भरवतात तशी, डबा फडक्यात बांधते आणि बस पकडते. बद्रुल तिथे राहायला आल्यापासून हेच. त्याची बायको सादिया हिची जुनी मैत्रीण. कारखान्यात दोघी शेजारशेजारच्या मशीनवर शर्ट शिवायच्या.

मी म्हटलं, "त्याच्या घरात तांदूळ मिळत नाही का?"

"अबांग, तो बरा नाहीये. तुम्ही एकदा जाऊन..."

मी टीव्ही मोठा केला. त्या माणसाचं नाव या घरात नको असं मी लग्नाच्या वर्षीच सांगितलंय. स्टारला ताप आला की गावाने पेज शिजवायची! मला साखर आहे, माझ्यासाठी कोण शिजवतं?

(शिजवते. पण बेचव.)

१४ सप्टेंबर, शनिवार

आज मी जिंकलो.

आठवडाभर व्हॅन चालवताना एकच विचार चालला होता. 'काचेचा पाऊस'ला वाजवण्यात हरवता येणार नाही. ड्रम उत्तम, गिटार बरी, आवाज तर, जाऊ दे. पण त्यात जिवांग किती! रडकी गाणी, जीव काढणारी, लग्नात वरात दमली की लावतात ती. निम्मी बाजू तसलीच.

मी माइक जवळ ओढला आणि म्हणालो, "आधी रॉक म्हणजे काय ते ठरवा. ज्या अल्बमवर दोनपेक्षा जास्त जिवांग गाणी, तो रॉक नव्हे. तो रुमाल."

भाई टेबलावर हात आपटून हसला. "मान्य! एकदम मान्य! दुकानात दिवसभर तीच रडगाणी लावायला लागायची मला. घरी गेलो की बायको विचारायची, कोण गेलं म्हणून."

यूस्नी हसली नाही.  म्हणाली, "जिवांग कशाला म्हणायचं, लान? नीट सांग. श्रोते ऐकतायत."

मी तयारीत होतो. "ज्या गाण्यात कुणीतरी कुणासाठी तरी झुरतं, ते जिवांग. मग ते कितीही मोठ्याने वाजवा."

मत घेतलं. मी आणि भाई बाजूने. 'काचेचा पाऊस' बाद! यूस्नीने कानावरचे हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवले. नंतर जिन्यात म्हणाली, "तुला अजिबात कल्पना नाही ना?"

कसली कल्पना? मला चांगली कल्पना आहे.

येताना पातेलंभर सेंदोल खाल्लं, नारळाचं दूध आणि गूळ घातलेलं. लिहिणार नव्हतो, पण आनंद झाला की माणसाने खावं.

१६ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी. गावात तोंड दाखवायची सोय नाही. चहावाल्याने चहा दिला, पण कप असा आदळला की निम्मा बशीत. व्हॅनच्या काचेवर कुणीतरी बोटाने लिहिलं, 'रुमाल'. दोन पोरींच्या आयांनी विचारलं, पाकचिक, तुम्हीच का ते? म्हटलं, हो, मीच तो.

जळू देत. नियम म्हणजे नियम.

२१ सप्टेंबर, शनिवार

माशी शिंकली.

आज 'कथलाची धूळ'ची पाळी होती. स्वतःच्या अल्बमवर मला मत नाही, पण तोंड तर आहे. अर्धा तास बोललो. खाणीतल्या यंत्रांचा ताल आम्ही ड्रममध्ये कसा आणला ते सांगितलं. भाईने चक्क मान डोलावली. म्हणाला, "खरं सांगू? कमी विकला, पण माल चांगला होता. कदाचित पहिलासुद्धा येईल." माझ्या काळजाचे ठोके माइकमध्ये गेले असतील.

मग हळूच म्हणाला, "फक्त एक अडचण आहे. जिवांग दोन, ते चालतं. पण ते शेवटचं गाणं, 'दिआ'. ते तिसरं."

कपाळ माझं! गाणं बद्रुलनेच लिहिलेलं, रेकॉर्डिंगच्या शेवटच्या दिवशी, स्टुडिओच्या पायरीवर बसून. शब्द असे की, दिआ दारात वाट बघत असेल, मी परत येणार नाही हे दिआला ठाऊक नाही, दिआच्या बोटांना घट्टे आहेत आणि ती बोटं मी कुठेही ओळखीन. आता आमच्या मलय भाषेत 'दिआ' म्हणजे तो की ती, कुणाच्या बापाला कळत नाही. बाई असो, बुवा असो, म्हातारी असो, शब्द एकच.

मी ताडकन म्हटलं, "ते आईबद्दल आहे! घट्टे कुणाच्या हाताला असतात? आईच्या! बद्रुलची आई रबराच्या मळ्यात राबायची. आईचं गाणं जिवांग कसं होईल? पाप लागेल भाई!"

भाई वरमला. पण यूस्नी म्हणाली, "लिहिणारा जिवंत आहे. दहा मैलांवर राहतो. त्यालाच विचारू. पुढच्या शनिवारी."

म्हणजे माझं स्टेज आता त्याच्या जिभेवर. ज्याचा अल्बम मी बाद केला त्याच्या!

२५ सप्टेंबर, बुधवार

हालिजा डबा घेऊन गेली. जाताना म्हणाली, "शनिवारी त्याला नीट वागवा."

इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? ते गाणं आईबद्दल नाही, हे मला त्याच दिवसापासून माहीत आहे. ते हिच्याबद्दल आहे. शर्टाच्या कारखान्यात सुया टोचून टोचून घट्टे हिच्याच बोटांना पडायचे. दारात वाट बघणारी हीच. आमचं लग्न ठरलं आणि तो महिन्याभरात क्वालालंपूरला पळाला, हा काय योगायोग? मी त्या गाण्याला चाल लावली. माझ्या बायकोवरच्या गाण्याला मी चाल लावली आणि आजवर तोंडातून शब्द काढला नाही.

शनिवारी तो 'आई' म्हणेल. म्हणावंच लागेल. परस्त्रीचं नाव रेडिओवर कुठल्या तोंडाने घेईल?

२८ सप्टेंबर, शनिवार

गेलं. सगळं गेलं.

बद्रुल आला. वाळून लाकूड झालाय. एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर. मला 'सलाम' केला, मी केल्यासारखं केलं. आवाज पार बसलेला, नुसती हवा निघत होती. यूस्नीने माइक त्याच्या ओठांशी नेऊन धरला. सर्दी असेल, नाहीतर नाटक. स्टार लोकांना जमतं ते.

यूस्नीने विचारलं, "अबांग बद्रुल, सगळा देश वाट बघतोय. दिआ म्हणजे कोण?"

 त्याने बोटाने माझ्याकडे दाखवलं. रेडिओवर बोट दाखवतोय, शहाणा! मग म्हणाला, "लान. हा समोर बसलाय तो."

भाईने माझ्याकडे वळून बघितलं.

"क्वालालंपूरवाल्यांना एकटा मी हवा होतो," तो म्हणाला. प्रत्येक शब्दानंतर थांबत होता. "लानला तोंडावर सांगायची छाती नव्हती माझी. म्हणून गाणं लिहिलं, आणि चाल लावायला त्यालाच दिलं. वाटलं, शब्द वाचले की त्याला कळेल. त्याने वाचले. म्हणाला, कडव्यानंतर सोलो जरा लांबवू या."

भाईने चष्मा काढून पुसला. दोनदा पुसला.

मी उभाच राहिलो. "मग तर झालंच! हे प्रेमाचं गाणंच नाही! मैत्रीचं आहे! जिवांग नाही हे!"

भाई हळूच म्हणाला, "लान, कुणीतरी कुणासाठी तरी झुरतं. तुझेच शब्द आहेत."

"पण..."

"भाईचं बरोबर आहे," बद्रुल म्हणाला. "झुरूनच लिहिलंय."

बाद. 'कथलाची धूळ' बाद. उरला जोहोरच्या 'रिमाउ' बँडचा अल्बम, त्यावर जिवांग दोनच, तोच पहिला. एक शब्द! 'आई' म्हणाला असता तर जीभ झडणार होती का? दुसऱ्यांदा बुडवलं याने मला, आणि तेही माझ्याच तोंडासमोर, सगळ्या गावाला ऐकवून.

तो पुढच्या दाराशी थांबलाय असं चौकीदार म्हणाला. मी मागच्या दाराने निघालो.

२९ सप्टेंबर, रविवार

सकाळी हालिजा समोर येऊन उभी राहिली. "काल ऐकलंत ना?"

"ऐकलं. अल्बम गेला."

"अबांग, तो काय बोलला ते ऐकलंत का?"

मी वैतागलो होतो. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. तोंडातून निसटलं, "म्हणजे ते तुझ्याबद्दल नव्हतं तर."

"काय माझ्याबद्दल नव्हतं?"

मग सांगावं लागलं. घट्टे, दार, कारखाना, सगळं. ती ऐकत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मी बोटाला अंगुस्तानाची टोपी घालून शिवायचे. माझ्या बोटांना कधी ओरखडासुद्धा नव्हता. घट्टे तुमच्या बोटांना होते. गिटारच्या तारांचे. लग्नात माझा हात धरलात तेव्हा टोचले होते मला."

मग आत गेली आणि पिशवी भरायला लागली. तैपिंगला, मुलीकडे.

"जन्मभर माझ्यावर संशय घेतलात आणि जन्मभर माझ्या हातचं जेवलात," ती म्हणाली. दारातून परत फिरली. "आणखी एक ऐका. आता टीव्ही नका लावू. मे महिन्यात त्याच्या घशातली गाठ काढली. त्याबरोबर आवाज गेला. काल ऐकलात तेवढाच उरलाय. त्याला गिळता येत नाही, म्हणून पेज. किती वेळा सांगायला आले तुम्हाला."

बस गेल्यावर मी दारातच उभा राहिलो. बोटं बघितली. आता मऊ आहेत. दप्तरं उचलून घट्टे पडत नाहीत.

आज काही खाल्लं नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

यूस्नीला फोन केला. म्हटलं, नियम मी मागे घेतो. चूक झाली, रेडिओवर सांगतो.

म्हणाली, "आता काय उपयोग? 'रिमाउ'ला कळवलं, तिकिटं छापली."

"पण 'काचेचा पाऊस'च थोर आहे हे मलासुद्धा माहीत आहे!"

"लान," ती म्हणाली, "हा सगळा घाट त्याच्यासाठीच घातला होता. तो अल्बम पहिला येणार, 'तारिंग'वाले वाजवणार आणि गाणार प्रेक्षक. दहा हजार माणसं त्याची गाणी म्हणणार आणि तो खुर्चीत बसून ऐकणार. त्याला कुणाची दया नको होती, म्हणून खरीखुरी स्पर्धा ठेवली. सगळ्यांना वाटलं, तो निवडून येणारच. त्याने एकच अट घातली होती. वाद घालायला लान हवा."

"मला सांगायचं ना मग!"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

फोन ठेवून तासभर याचाच विचार करतोय. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? मोठ्या मनाने 'काचेचा पाऊस'ला मत दिलं असतं, असं लिहावंसं वाटतंय. नसतं दिलं. मला स्टेज हवं होतं. तो आजारी आहे हे कळलं असतं तरी मी तो नियम आणला असता. वर म्हटलं असतं, आजाराचा आणि संगीताचा काय संबंध? माझी मला शिसारी आली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

चेमोरला गेलो आणि बद्रुलला शाळेच्या व्हॅनमधून स्टेडियमवर घेऊन आलो. मधले आठवडे रोज जायचं ठरवत होतो आणि रोज गल्लीच्या तोंडापासून परत फिरत होतो. आज सादियाने दार उघडलं, काही विचारलं नाही. हालिजाही तिथेच होती, सकाळीच तैपिंगहून आलेली. माझ्याशी बोलली नाही. व्हॅनमध्ये सादियाजवळ बसली, मागच्या बाकावर.

संध्याकाळी 'रिमाउ'वाले स्टेजवर आले. पोटं सुटलेली, कातडी जाकिटांची बटणं लागत नव्हती. त्यांचा गिटारवाला माझ्यापेक्षा वाईट वाजवतो, हे आजही म्हणणार, उद्याही म्हणणार. पण दुसऱ्या गाण्याला लोक उठले आणि गायला लागले. सगळं स्टेडियम. पोरं, आजोबा, डोक्यावर तुडुंग बांधलेल्या बाया, खाऊचे गाडेवाले.

बद्रुल खुर्चीच्या टोकावर सरकून बसला. त्याचे ओठ हलत होते. दुसऱ्यांची गाणी, पण त्याला सगळे शब्द पाठ. आवाज काहीच नाही. हात गुडघ्यावर ताल धरत होता आणि मान उंच करून तो त्या गर्दीकडे बघत होता. हे सगळे लोक त्याची गाणी म्हणायला आले असते. हे त्याचं होतं. मी घालवलं. स्टेजवर जायची इच्छा मला आज नखाएवढीसुद्धा उरली नव्हती, आणि उरली नाही म्हणून काहीही परत येणार नव्हतं.

मला त्याला 'माफ कर' म्हणायचं होतं. घरून ठरवून आलो होतो. तोंडातून निघालं, "यांचा ड्रमवाला मागे पडतोय."

त्याने मान हलवली. पडतच होता.

दोन गाण्यांच्या मध्ये जरा शांत झालं, तेव्हा तो माझ्या कानाशी वाकला. मफलरला औषधाचा वास येत होता. "लान, तेव्हा तुला कळलं होतं ना? दिआ म्हणजे कोण ते?"

मागे हालिजा बसली होती. तिने ऐकलं असणार.

"हो," मी म्हटलं. "कळलं होतं की. त्याच दिवशी."

 तो हसला, खांदे हलले, आवाज नाही. पुन्हा कानाशी आला.

"नव्हतं कळलं," तो म्हणाला. "पण आत्ता खोटं बोललास, ते बरं वाटलं."

तेवढ्यात पुढचं गाणं सुरू झालं आणि त्याचं पुढचं काही मला ऐकू आलं नाही.